स्टॉकहोमच्या आधी आपण काय करत होतो?

गणपतीचं विसर्जन सूरसागर तलावात का नाही, नवलखीच्या कृत्रिम तळ्यातच का, यावर बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारच्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दरवर्षी जुंपते. यंदा त्या भांडणात कोणीतरी एक लांबलचक फॉरवर्ड आणून टाकला. थोडक्यात तो असा: पर्यावरण हे 1972 साली स्टॉकहोमला झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण परिषदेतून आलेलं परदेशी खूळ आहे, आपले सगळे कायदे त्याच दबावाखाली झाले, चळवळी चालवतात ते पोट भरलेले शहरी लोक, त्यांच्यापायी धरणं आणि कारखाने अडले, आणि आता कायदेही आहेत, प्रदूषण मंडळंही आहेत, तेव्हा आंदोलनं बंद करा. खाली चाळीसेक अंगठे. बडोद्याच्या लोकांनी तरी अंगठा देण्याआधी दोन मिनिटं थांबायला हवं होतं.

पहिला मुद्दा घेऊ, 1972च्या आधी इथे कोणी बोलत नव्हतं हा. राजस्थानातल्या खेजडलीची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. 1730 साली खेजडीची झाडं वाचवताना अमृतादेवींसह 363 बिश्नोई मारले गेले, असं परंपरा सांगते. पण मला त्याहून जवळचा दाखला द्यायचाय. जोतीराव फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात इंग्रजांच्या जंगलखात्यावर त्यांनी जो राग काढलाय तो आजही वाचवत नाही. थोड्या जमिनीचा शेतकरी डोंगरातली फळं, पानं, फुलं, लाकूडफाटा विकून आणि दोनचार गाई-बकऱ्या चारून कसंबसं भागवत होता. खात्याने डोंगर, टेकड्या, दऱ्या, गायरानं सगळी आत घातली आणि बकऱ्यांना वारा खायलासुद्धा जागा ठेवली नाही, असं ते म्हणतात. नुसती तक्रार करून ते थांबत नाहीत. पावसाने वाहून जाणारी माती आणि पाल्याचं खत शेतात अडावं म्हणून तालीवजा बंधारे घाला, आणि ते काम बसून असलेल्या पोलिसांकडून नि लष्करी शिपायांकडून करून घ्या, असा उपायही सुचवतात. आज याच कामाला आपण मृदसंधारण म्हणतो.

आणि हा ग्रंथ सयाजीराव महाराजांनी राजकारभारातून वेळ काढून फुल्यांच्याच तोंडून ऐकला होता. फुल्यांनीच तसं लिहून ठेवलंय. स्टॉकहोमच्या 89 वर्षं आधी बडोद्याच्या गादीपर्यंत जे पोचलं होतं, ते दांडिया बाजारच्या ग्रुपपर्यंत पोचू नये?

यावर कोणी म्हणेल, हे तर शेतकऱ्याच्या पोटापाण्याचं, यात पर्यावरण कुठे आलं? नेमकं तेच. आपल्याकडे या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्याच. 1864 साली वनखातं निघालं, 1878च्या कायद्याने राखीव जंगलं आखली गेली आणि तेव्हापासून हे भांडण धुमसत राहिलं. 1921 साली मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या पुढाकाराने सत्याग्रह झाला. 25 सप्टेंबर 1930ला उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहावर गोळीबार होऊन माणसं मेली. स्वातंत्र्यानंतर 1950 साली वनमहोत्सव सुरू केला तो कन्हैयालाल मुनशींनी, तेही बडोदा कॉलेजात शिकलेले. (वनमहोत्सवाचं मला स्वतःला फारसं कौतुक नाही. रोप लावतानाचा फोटो जगतो, रोप जगतंच असं नाही.)

कायद्यांचा मुद्दा जरा बारकाईने बघावा लागेल, कारण त्यात थोडं तथ्य आहे. 1981चा हवा प्रदूषणाचा कायदा आणि 1986चा पर्यावरण संरक्षण कायदा, दोन्हींच्या प्रस्तावनेत स्टॉकहोमचा उल्लेख सरळ आहे. तो का आहे, हे फॉरवर्ड सांगत नाही. राज्यांच्या यादीतल्या विषयावर एरवी संसदेला कायदा करता येत नाही. पण आंतरराष्ट्रीय परिषदेतला निर्णय अमलात आणायचा असेल, तर घटनेचं 253वं कलम तशी मुभा देतं. दिल्लीला संपूर्ण देशासाठी एक कायदा हवा होता आणि त्यासाठी हे कलम सोयीचं पडलं. 1986च्या कायद्यामागची खरी निकड भोपाळची होती. 2 डिसेंबर 1984च्या रात्री तिथे वायू सुटला, हजारो माणसं गेली, आणि अशा कारखान्याला वेळीच आवरायला देशात धड कायदा नाही हे उघडं पडलं.

पाण्याच्या कायद्याची गोष्ट तर फॉरवर्डच्या अगदी उलट आहे. ओडिशाने नदी प्रदूषणाविरुद्ध कायदा केला 1953 साली. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा केला 1969 साली. केंद्राने त्यासाठी समिती नेमली 1962 साली, विधेयक संसदेत आलं 1969 साली. पाणी हा राज्यांचा विषय, म्हणून राज्यांच्या विधानसभांनी ठराव करून संसदेला कायदा करायला सांगितलं आणि 1974 साली तो झाला. ज्या 12 राज्यांना तो पहिल्यांदा लागू झाला त्यांत गुजरात आहे. गुजरातच्या विधानसभेतून आलेला ठराव परदेशी दबाव कसा होतो, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्यानेच समजावून सांगावं. राहिला खुद्द स्टॉकहोमचा प्रश्न. तिथे इंदिरा गांधींनी श्रीमंत देशांची री ओढली नव्हती. गरिबी आणि गरज हीच सगळ्यांत मोठी प्रदूषक नाहीत का, असा सवाल त्यांनी तिथे केला होता.

पोट भरलेले शहरी लोक, हा आरोप ऐकून मला हसू येतं. 1973 साली आजच्या उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यातल्या मंडल गावच्या लोकांना शेतीच्या अवजारांसाठी अंगूचं लाकूड नाकारलं आणि तीच झाडं खेळाचं साहित्य बनवणाऱ्या कंपनीला दिली. झाडांना मिठी मारून तोड थांबवणारं चिपको आंदोलन तिथून सुरू झालं. पुढच्या वर्षी रेणीत, पुरुष गावात नसताना, गौरादेवी बायकांना घेऊन जंगलात गेल्या आणि तोड थांबवली. केरळात सायलेंट व्हॅलीतल्या धरणाविरुद्ध उभी राहिली ती मल्याळममधून विज्ञान समजावणारी शिक्षकमंडळी. ओडिशातल्या नियमगिरीत 2013 साली खाणीला नकार दिला तो 12 ग्रामसभांनी.

एका ठिकाणी मात्र फॉरवर्डमधल्या रागाला आधार आहे. 1972चा वन्यजीव कायदा आणि 1973चा व्याघ्र प्रकल्प वरून खाली आले. वाघ वाचवायलाच हवे होते, यात वाद नाही. पण अभयारण्यांच्या आतल्या गावांना कोणी विचारलं नाही, कित्येकांना उठवलं. ती चूक काही अंशी दुरुस्त करायला 2006चा वनहक्क कायदा यावा लागला. फॉरवर्ड याबद्दल अवाक्षर काढत नाही.

धरण अडवलं, असं म्हणताना बडोद्यात सगळ्यांच्या मनात एकच नाव असतं. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाची कोनशिला 1961 साली बसली. त्यानंतर गुजरात, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र आपसात भांडत राहिले. 1969 साली लवाद नेमला, त्याचा निवाडा यायला 1979 उजाडलं. ही 18 वर्षं कुठल्या आंदोलनाच्या खाती लिहायची? नर्मदेचं आंदोलन तर 1980च्या दशकाच्या मध्यावर उभं राहिलं. पुढे सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने 1995 ते 1999 भिंतीचं काम थांबलं होतं, हे खरं. 2000च्या निकालाने वाट मोकळी झाली आणि 2017 साली धरणाचं लोकार्पण झालं. कारखाने अडवल्याचं म्हणाल, तर कोयलीची रिफायनरी, तिच्या आसपासचे खत नि रसायनांचे कारखाने, नंदेसरीची औद्योगिक वसाहत, यातलं काय अडलं? त्यांचं सांडपाणी वाहून न्यायला 1983 पासून 50हून अधिक किलोमीटरचा चॅनल आहे आणि तो भरूच जिल्ह्यातल्या सारोदजवळ महीच्या मुखाशी मोकळा होतो. आपल्या भरभराटीचं पाणी जातं कुणाच्या दारात, हे त्या बाजूच्या गावांना विचारा.

आणि कायदे झाले, आता चळवळ कशाला? पाण्याचा कायदा 1974चा. त्यानंतर 38 वर्षांनी, 2012 साली, बडोद्याहून काम करणाऱ्या पर्यावरण सुरक्षा समितीला सुप्रीम कोर्टात जावं लागलं. मागणी काय, तर कारखान्यांचे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प कागदावर आहेत, ते प्रत्यक्षात चालू असावेत. 22 फेब्रुवारी 2017ला कोर्टाने सांगितलं की शुद्धीकरणाची यंत्रणा चालू नसेल त्या कारखान्याला चालू देऊ नका, आणि शहरांनी नि औद्योगिक वसाहतींनी सामायिक प्रकल्प तीन वर्षांत उभे करावेत. निकाल देशभराला लागू झाला. मंडळं होती, अधिकारी होते, कलमंही होती. दार ठोठावलं ते नागरिकांनी.

तीन वर्षांची ती मुदत 2020 साली संपली. 2021च्या मेमध्ये राष्ट्रीय हरित लवादाला बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीसाठी वेगळा आदेश काढावा लागला: नदीचा काठ आखून घ्या, अतिक्रमण रोखा, प्रदूषण थांबवा. ती तक्रारही बडोद्याच्याच माणसांनी नेली होती. ऑगस्ट 2024च्या पुरात त्याच नदीतल्या मगरी आपल्या सोसायट्यांत आल्या, तेव्हा ग्रुपवर सगळे विचारत होते की महापालिका करते काय.