मेण लावलंय की नाही, कळायचं कसं?

माइनक्राफ्ट या ठोकळे रचून बांधकाम करायच्या व्हिडिओ गेममध्ये तांबं 2021 साली आलं, तेव्हापासून मी हे सोसतोय. तिथलं तांबं चार टप्प्यांत कळकत जातं. मला छपराला तिसऱ्या टप्प्याचाच रंग हवा असतो: हिरवट, मधूनमधून तपकिरी डाग, जुन्या कळकलेल्या हंड्यासारखा. चौथ्याचा तो सपाट हिरवा-निळा नको. म्हणून दिवसेंदिवस वाट बघायची. ब्लॉक, म्हणजे ते ठोकळे, एकत्र कळकतच नाहीत. चार ब्लॉकांच्या आत एखादा कमी कळकलेला असला की बाकीचे त्याच्यासाठी अडून बसतात!

बरं, रंग जमला की मधमाशांच्या पोळ्याचा तुकडा घेऊन एकेका ब्लॉकला मेण लावायचं, म्हणजे तो पुढे कळकत नाही. दोनशे-दोनशे ब्लॉक. आणि मेण लावलेला व न लावलेला ब्लॉक दिसायला हुबेहूब सारखा! एक जरी सुटला तरी पत्ता लागत नाही. आठवड्याने बघावं तर छपराच्या मधोमध एकच ठिपका हिरवागार. परवा पुन्हा तेच. कुऱ्हाडीने त्याचा कळक खरवडायला गेलो, तर हात सरकला आणि शेजारच्याचं मेण निघालं. नेमकं कोणाचं निघालं? आता सगळ्या छपरावर पुन्हा मेण. अरे गेमवाल्यांनो, मेण लावलेल्या ब्लॉकच्या कडेला एक बारीकशी चकाकी द्या ना!