फ्लेमिंगो बघायला घड्याळ नको, भरतीचं कोष्टक बघा

‘पहिल्यांदाच फ्लेमिंगो बघायचेत तर रविवारी सकाळी ठाणे खाडीवर जा’ हा एका लेखातला सल्ला अर्धवट आहे. वार नव्हे, भरती बघायची. ओहोटीला चिखल उघडा पडतो, पक्षी चरायला दूरवर पांगतात, काठावरून नुसते गुलाबी ठिपके. भरतीला चिखल बुडतो की तेच थवे नवी मुंबईत नेरुळच्या उथळ तळ्यांत येऊन टेकतात. ऐरोलीहून फ्लेमिंगो दाखवायला नेणारी बोटही भरतीच्या आसपासच सुटते, पाणी नसेल तर जाणार कुठे? भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे गेल्या आठवड्याची वेळ या आठवड्यात बाद.

दुर्बीण ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे. जास्त शक्तीची हातात थरथरते, बोटीवर तर विचारूच नका. आधी चोच बघा: फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं असेल तर मोठा रोहित (रोहित म्हणजे फ्लेमिंगोच), सगळीच गडद किरमिजी तर छोटा. छोटा मान खाली घालून चोच उलटी धरतो, जिभेने पाणी आत-बाहेर करतो, चोचीच्या आतल्या बारीक झालरीत शेवाळ अडकतं. गुलाबी रंग त्या शेवाळातूनच येतो. करडे दिसणारे पक्षी आजारी नसतात हो, पिल्लं असतात.

आणि फोटोसाठी तळ्यात उतरू नका. थवा उठला की बाकीच्यांचंही बघणं संपलं.