थोडी मिसिंग मारतेय

आमच्या गाडीला झटके येतात, असं मी घरी सांगितलं तेव्हा उत्तर मिळालं की झटके गाडीला नाही, मागे बसणाऱ्यांना येतात.

तेही खरंच होतं. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी पुढे जायचं ठरवायची, मग बेत रद्द करायची, मग पुन्हा तोच बेत मंजूर करायची. हे सगळं एका सेकंदात. दर वेळी आतल्या सगळ्यांच्या माना एकदम हलायच्या. मागच्या गाडीवाल्याला वाटत असणार, या कुटुंबात काय एकमत आहे!

गाडी जुनी आहे, पण फार जुनी नाही. म्हणजे काचा बटणानं खाली जातात. वर येताना हाताचा आधार लागतो.

आता झटके येतात म्हटल्यावर सल्ले येणारच. माझं एक निरीक्षण आहे. ज्याला स्वतःच्या गाडीत जो पार्ट बदलावा लागला, तोच त्याला जगातल्या प्रत्येक गाडीत बिघडलेला दिसतो. मेहुण्यानं फोनवरच निकाल दिला, ‘फ्यूएल पंप गेला.’ शेजारचे म्हणाले, ‘क्लच प्लेट. डोळे झाकून टाका.’ ऑफिसमधल्या एकाकडे कधीच गाडी नव्हती, त्यामुळे त्याचं मन मोकळं होतं. तो म्हणाला, ‘सेन्सर असणार.’ कोणता, ते सांगायच्या भानगडीत तो पडला नाही. आमच्या काकांनी तर थेट हुकूम सोडला, ‘कार्ब्युरेटर साफ करून घे.’

‘काका, पेट्रोल-हवा मिसळणारा कार्ब्युरेटर जुन्या गाड्यांना असायचा. या गाडीला नाही.’

‘मग कुणी काढला?’

गाडी गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकनं एक फेरी मारली आणि गाडी अशी चालली की जणू शोरूममधून नुकतीच निघाली आहे. मी शेजारी बसून झटक्याची वाट बघत होतो. रस्ता सपाट, गाडीत दोघंच, आणि रांगेत उभं राहून इंजिन गार झालेलं. झटका येईल कशाला? ‘काही नाही साहेब, थोडी मिसिंग मारत असेल,’ मेकॅनिक म्हणाला, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मधूनच पेट्रोल पेटत नसेल. ‘प्लग, कॉइल, फिल्टर, पंप, सगळं एकदा बदलून टाकू. मग बघू.’

या पद्धतीबद्दल माझं मत चांगलं नाही. सगळंच बदलल्यावर गाडी सुधारली तर कशामुळे सुधारली ते कळत नाही, आणि नाही सुधारली तर उरतं फक्त बिल. मी गाडी घेऊन निघालो. गॅरेजच्या फाटकाबाहेर पडताच तिनं एक सणसणीत झटका दिला.

दुसरा मेकॅनिक भेटला तो कमी बोलणारा. झटका कसा येतो, हे त्यानं विचारलंच नाही. मी तोंडानं आवाज काढायची तयारी करून गेलो होतो, ती वाया गेली. तो फक्त ‘कधी’ विचारत होता. इंजिन गार असताना की तापल्यावर? सपाटीवर की चढावर? कितव्या गिअरला? पाय अलगद ठेवल्यावर की दाबल्यावर? उभी असताना थरथरते का? उचलताना, म्हणजे क्लच सोडतानाच येतो का? पेडल ठरावीक जागी आलं की हमखास येतो का?

प्रश्न साधे होते, पण प्रत्येक प्रश्नाला एकेक आरोपी सुटत होता. झटका फक्त गाडी उचलताना आला असता तर क्लचकडे बोट गेलं असतं. आमची गाडी चालत्या वेगातही झटके देत होती. शेजारच्यांचा निकाल तिथेच फिरला. पाइप फाटून इंजिन कुठून तरी जास्तीची हवा घेत असेल, तर त्याचा त्रास उभ्या गाडीत जास्त जाणवतो, कारण थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, बंद असताना आतली ओढ सगळ्यात जास्त असते. आमची गाडी उभी असताना अगदी शांत. पेट्रोल कमी पडत असेल तर जोर लावला की दम तुटल्यासारखी ती ओढतच नाही. असे सुटे सुटे ठोके सहसा बसत नाहीत. इंजिनाला धरून ठेवणारं माउंटिंग तुटलं असेल तर पाय दाबताना आणि सोडताना एकदाच धाडकन आवाज. आणि थ्रॉटलचा सेन्सर एखाद्या जागी झिजला असेल, तर झटका पेडलच्या त्याच जागी येतो.

आमचा झटका यायचा तापल्यावर, चढावर, वरच्या गिअरमध्ये, पाय दाबल्यावर. मेकॅनिक म्हणाला, ‘लोडवर मिसिंग आहे.’ जोर लावला की सिलिंडरमध्ये जास्त हवा आणि पेट्रोल भरतं, दाब वाढतो, आणि त्या दाबात प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. फट एक मिलीमीटरच्या आसपासची, पण म्हाताऱ्या कॉइलला तीही ओलांडवत नाही. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला १०० ठिणग्या मागतं. त्यातला एक सिलिंडर कामचुकार निघाला तर २५ ठिणग्यांची जबाबदारी त्याच्याकडे असते.

मग त्यानं गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. स्टिअरिंगखालचं ते सॉकेट अमेरिकेत १९९६ पासून नव्या गाड्यांना सक्तीचं झालं. तोवर आजारी गाड्या बोलल्याच तर आपापल्या कंपनीच्या भाषेत बोलायच्या. आता एका भाषेत बोलतात, पण तेही मोजकंच. कोड आला पी०३०२. म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिसफायर करतोय, तेच ते मिसिंग. का करतोय, ते त्यात नसतं. प्लग, कॉइल, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, कुणीही असेल. अनेकजण कोड वाचतात आणि लगेच खरेदीला निघतात.

या माणसानं काहीच विकत आणलं नाही. दोन नंबरची कॉइल काढून तीनवर बसवली, तीनची दोनवर. कोड पुसला आणि म्हणाला, ‘आता झटका आणून दाखवा. कोड तीनवर गेला तर कॉइल. दोनवरच राहिला तर कॉइल निर्दोष.’

इतकी स्वस्त आणि इतकी निर्णायक युक्ती मी दुसऱ्या कुठल्याही क्षेत्रात पाहिलेली नाही. अडचण एकच होती. झटका आणायला लोड हवा होता. मी घरी फोन करून सगळ्यांना बोलावलं. गाडीत बसल्यावर बायकोनं कारण विचारलं आणि मी खरं ते सांगितलं. चढ सुरू होईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

चढावर चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. तेवढ्यात इंजिनाचा दिवा लुकलुकू लागला आणि झटका आला. मी आनंदानं ओरडलो. पुढच्या सीटवरचा मेकॅनिक म्हणाला, ‘पाय काढा.’ दिवा लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं आणि वाटेतला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून बाद होऊ शकतो. आणि तो पार्ट कॉइलपेक्षा कितीतरी महाग. कोड वाचला. पी०३०३.

कॉइलला केसाएवढी चीर होती. तापली की ठिणगी प्लगपर्यंत जायच्या ऐवजी चिरेतूनच इंजिनाच्या धातूवर उडत होती. प्लगही झिजून त्यांची फट वाढली होती, म्हणजे कॉइलवरचा ताण आणखी जास्त. चारही प्लग बदलले, कॉइल एकच.

बातमी पसरल्यावर मेहुणा म्हणाला, ‘मी म्हटलंच होतं, करंटचा प्रॉब्लेम आहे. पंपालाही करंटच लागतो.’ शेजारचे म्हणाले, ‘आत्ता कॉइल, पण क्लच येणार बघा.’ ऑफिसातल्यानं विचारलं, ‘कोड कुणी दिला? सेन्सरनंच ना?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण क्रँकशाफ्टची, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याची, गती कुठे अडखळते ते एक सेन्सरच पकडतो आणि त्यावरूनच मिसफायरचा कोड लागतो.

काकांनी मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

‘कॉइल किती आहेत म्हणालास?’

‘चार. प्रत्येक सिलिंडरला एक.’

‘आमच्या गाडीला एकच होती,’ काका म्हणाले. ‘चारही सिलिंडर तिच्यावर चालायचे.’