नवा पोरगा म्हणजे टीमची मारबत

राजेहो, चार जणांनी मिळून वेबसाइट बनवायची आणि तरी बिघडल्यावर आपलं नाव कुठंच यायला नको, हे जमतं. नागपुरात तर सहज जमतं. फक्त सांगतो तसं करा.

पहिलं म्हणजे ब्रँच, म्हणजे आपल्यापुरती कोडची वेगळी फांदी, काढू नका. लिनस टॉरवाल्ड्सनं २००५ च्या एप्रिलमध्ये गिट (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं टूल) लिहिलं ते लिनक्सच्या कर्नलसाठी, म्हणजे जगभर विखुरलेल्या, एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या माणसांसाठी. तुम्ही चौघं एकाच कूलरसमोर बसता. तुम्हाला काय गरज? थेट मेनवर, म्हणजे सगळ्यांच्या मूळ कोडवर, ढकला. कमिटच्या, म्हणजे बदल नोंदवतानाच्या, मेसेजात ‘फिक्स’ लिहा, पुढच्यात ‘फिक्स २’, आणि रात्रीचे बारा वाजून गेले असतील तर ‘आता तरी चाल ना बे’. सहा महिन्यांनी कुणी शोधायला बसलंच, तर त्याचं तो पाहून घेईल.

ब्राउझरात चालणारं टूल असेल तर सोन्याहून पिवळं. काही टूलमध्ये दोघांनी एकच पान उघडलं की जो शेवटी सेव्ह करतो त्याचंच राहतं. म्हणून सकाळी टॅब उघडा, दिवसभर तसाच ठेवा आणि संध्याकाळी निघताना सेव्ह दाबा. बाकी तिघांची दिवसभराची मेहनत गेली, पण तुम्ही काय केलं? नुसतं सेव्ह तर केलं! लॉगिनही सगळ्यांत मिळून एकच घ्या. पैसे वाचतात, आणि हिस्टरीत पाहावं तिथं ‘अ‍ॅडमिन’.

मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच जागी दोघांचे वेगवेगळे बदल, आला तर दोन्ही बाजू ठेवून द्या. फॉर्मवर सबमिटची दोन बटणं दिसतील, दिसू द्या. विदर्भ महाराष्ट्रात मर्ज झाला १९६० साली, आणि त्याचा कॉन्फ्लिक्ट हिवाळी अधिवेशनात अजून निघतो. तुमच्या बटणाची काय घाई?

आता मुद्द्याचं. गिटमध्ये ‘ब्लेम’ नावाची कमांड आहे. कोडची प्रत्येक ओळ शेवटी कुणी बदलली ते ती सांगते. शेवटी, हं. मुळात ती कुणाच्या डोक्यातून निघाली, हे ती विचारत नाही. त्यामुळे नवीन पोरगं लागलं की पहिल्याच दिवशी प्रेमानं म्हणा, ‘बाबू, सगळ्या प्रोजेक्टवर एकदा फॉर्मॅटर फिरवून दे.’ बिचारा स्पेस सरळ करतो, कंस जागेवर लावतो, कमिट करतो, आणि तुमच्या तीन वर्षांच्या पापावर ओळीगणिक त्याचं नाव लागतं. काळी मारबत, म्हणजे मिरवणुकीतला तो पुतळा, आपल्या गावात १८८१ पासून हेच काम करते आहे: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी साऱ्यांची ईडा-पीडा एकीच्या डोक्यावर द्यायची आणि तिला वाजतगाजत नेऊन जाळायचं. (असली कमिट ब्लेममधून वगळायची सोय गिटमध्ये २०१९ पासून आहे. टीमसमोर तिचं नावही काढू नका.)

पेमेंटची गुप्त ‘की’ (पासवर्डसारखी किल्ली) चुकून कमिट झाली? पुढच्या कमिटमध्ये पुसा आणि झोपा. जुन्या कमिटमध्ये ती तशीच असते, पण तिथवर मागं जाऊन पाहतो कोण? चोर सोडून.

शुक्रवारी संध्याकाळी फोर्स पुश, म्हणजे तिथं दुसऱ्यांचं काय आहे ते न पाहता आपलंच वर चढवायचं. ‘फोर्स विथ लीज’ नको. मधल्या काळात दुसऱ्या कुणी काही टाकलंय का ते आधी पाहतं, आणि टाकलं असेल तर अडून बसतं. टीमवर्कमध्ये असा संशयी स्वभाव बरा नाही.

सोमवारी सगळं गायब दिसेल. तेव्हा आठवा, जुनी प्रत कुणाच्या तरी लॅपटॉपवर असतेच. आणि पुल कर, म्हणजे नवा कोड उतरवून घे, म्हणून ज्याला कुणी सांगितलंच नाही, असा टीममध्ये एकच असतो. त्या पोराला घेऊन पोह्याच्या ठेल्यावर जा. पैसे तुम्ही द्या. त्याच्या प्लेटमध्ये तर्री जास्त सांगा.