विद्यापीठ गेटवर एक शब्द धड ऐकू येत नाही

चौदा जानेवारी, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं तो दिवस. तो आला की औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, विद्यापीठ गेटसमोर स्टेज उभे राहतात. जितके गट तितके स्टेज, आणि वर्षभरात एखादा गट फुटला की त्यात आणखी एकाची भर. मंडप वेगळे, जनरेटर वेगळे, अध्यक्ष तर वेगळेच. भोंग्यांची तोंडं मात्र सगळ्यांची एकाच दिशेला, रस्त्यावर. त्या रस्त्यावर जो उभा असतो तो नांदेडहून, हिंगोलीहून, किनवटकडून रात्रभर पिकअपमध्ये अवघडून आलेला असतो. त्याच्या डाव्या कानात एका नेत्याचं ‘बांधवांनो’, उजव्या कानात दुसऱ्याचं ‘भगिनींनो’, आणि समोरून तिसऱ्या मंडपातला ‘हॅलो, माइक टेस्टिंग’. तासभर उभा राहतो, अभिवादन करतो, वडापाव खातो, जातो. काय ऐकलं विचारा. सांगता येणार नाही, कारण ऐकू आलंच नाही.

वर म्हणायचं काय, तर ‘गर्दीच तेवढी असते हो’. गर्दीला नावं ठेवू नका. हे सगळं साउंडचं गणित आहे आणि कुठलाही बरा साउंडवाला ते पाच मिनिटांत समजावून सांगेल, विचारलं तर. भाषण नीट कळायचं असेल तर ते आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा किमान १०-१५ डेसिबलने वर पाहिजे. दोन स्टेज शंभर फुटांवर, ताकद सारखी, माणूस मधोमध. वर कोण, खाली कोण? दोघंही सारखेच, म्हणजे दोघंही वाया. मग एकजण आवाज वाढवतो. कानाला दुप्पट वाटावा म्हणून १० डेसिबल चढवायचे तर अँप्लिफायरला दहापट ताकद लागते, ५०० वॅटच्या जागी ५०००. ती कुणाकडे असते? नसते. मग नुसतंच बटण पिळायचं. आवाज फाटतो, शिट्टी वाजते, हॉर्नचं युनिट जळतं, आणि साउंडवाला कपाळाला हात लावून बसतो, कारण जळालेल्या युनिटचे पैसे त्याला कुणी देत नाही. तोवर शेजारच्यानेही बटण पिळलेलं असतं.

एकच स्टेज असला तरी घोळ व्हायचा तो होतोच. रस्त्याच्या कडेला खांबाखांबाला भोंगे बांधून टाकतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. १०० मीटर लांब उभ्या असलेल्या माणसाला डोक्यावरच्या भोंग्यातून शब्द लगेच ऐकू येतो आणि स्टेजजवळच्या भोंग्यातून तोच शब्द जवळपास ०.३ सेकंद उशिरा. सेकंदाला पाच-सहा अक्षरं बोलणाऱ्या वक्त्याची दीड-दोन अक्षरं एकमेकांवर चढतात. ‘नामांतर’चं ‘नानामांमांतर’ होतं. लांबच्या भोंग्यांना डिले लावायचा असतो, म्हणजे त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडायचा, १०० मीटरला अंदाजे २९० मिलिसेकंद. साध्या डिजिटल मिक्सरवर दोन मिनिटांचं काम. पण मिक्सरचं भाडं वाचवायचं आणि तेच पैसे फ्लेक्सला घालायचे, हे आमचं नियोजन.

आता फ्लेक्सचंच घ्या. वीस बाय दहाचा फ्लेक्स, त्यावर चाळीस चेहरे. वर कोपऱ्यात बाबासाहेब, मधे साहेब, खाली उतरत्या भाजणीत दादा, भाऊ, युवा हृदयसम्राट आणि शेवटी ज्याने पैसे दिले तो. एवढ्या दोनशे चौरस फुटांत ज्यांच्यासाठी दिवस आहे, नामांतराच्या लढ्यात ज्यांचा जीव गेला, त्यांना एक ओळ: ‘सर्व ज्ञात-अज्ञात शहिदांना विनम्र अभिवादन’. अरे, ज्ञात आहेत ना ते? मग लिहा की नावं! टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे. नांदेड जिल्ह्यातलं गाव. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत नामांतराचा ठराव झाला आणि आठ दिवसांत, ४ ऑगस्टला, त्यांना जमावाने मारलं. जनार्दन मवाडे. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडात स्वतःला पेटवून घेणारे गौतम वाघमारे. फ्लेक्सवर एका नावाला दोन इंच जागा लागते. ज्याला लाइकसाठी वर्षभर चेहरा मिरवायचाय त्याला दोन फूट मिळतात.

आणि जे नावं घेत नाहीत ते शब्दांवरून मात्र रात्री दोनपर्यंत भांडतात. नामांतर दिन की नामविस्तार दिन? मागणी नामांतराची होती, हे खरं. १४ जानेवारी १९९४ ला मिळालं ते ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’, म्हणजे जुनं नाव ठेवून पुढे जोडलेलं, म्हणून सरकारी शब्द नामविस्तार, हेही खरं. लढा सतरा वर्षांचा की साडेपंधरा? ठरावापासून मोजलं तर साडेपंधरा, पहिल्या मागणीपासून मोजलं तर जास्त. दोन्ही बरोबर. पण ग्रुपवर एकाने ‘नामांतर’ लिहिलं की दुसरा त्याला अडाणी ठरवतो, तिसरा दोघांना विकाऊ ठरवतो, आणि चौथा १९७८ च्या जागी १९८७ टाकून स्टेटस ठेवतो, त्याला मात्र कुणीच काही म्हणत नाही.

खरं भांडायचं असेल तर यावर भांडा ना. त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९९४ ला, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं आणि नांदेड, लातूर, परभणीची कॉलेजं तिकडे गेली. विद्यापीठ झालं ते चांगलंच झालं, पोरांची अडीचशे किलोमीटरची खेप वाचली, स्वामीजींच्या नावाबद्दलही कुणाची तक्रार असायचं कारण नाही. पण पोचिराम कांबळेंच्या जिल्ह्यातल्या पोराच्या डिग्रीवर आज बाबासाहेबांचं नाव येत नाही, ही गोष्ट त्या दिवशी एका तरी स्टेजवरून कुणी सांगतं का? सांगितलीही असेल म्हणा. ऐकू येणार कशी.

त्यात संक्रांत. त्या दिवशी पलीकडच्या गल्लीत वाण, पतंग, तिळगूळ. ‘आजच्या दिवशी तरी गोड बोला’ असा मेसेज सकाळी सात वाजता येतो, तोही ज्यांना हा दिवस फक्त ट्रॅफिकमुळे माहीत आहे त्यांच्याकडून. ‘त्यांचा दिवस’ म्हणे. विद्यापीठाची डिग्री भिंतीवर लावताना ‘त्यांचं विद्यापीठ’ नाही वाटत. यांच्यावर चिडायलाही आता कंटाळा येतो, सोडा. राग आपल्यांचा आहे.

कारण पाण्याचं बघा. दहा हजार लिटरचा टँकर उभा केला की पाण्याची सोय झाली असं समजतात. माणशी एक लिटर धरलं तर दहा हजार लोकांचं पाणी, हिशेब बरोबर. पण नळ किती? चार. एक नळ मिनिटाला दहा लिटर देतो असं धरा, चार मिळून चाळीस. टँकर रिकामा व्हायला २५० मिनिटं, चार तासांच्या वर. म्हणजे पाणी टँकरमध्ये आणि माणूस रांगेत. त्यात खाली चिखल, कारण सांडलेल्या पाण्याला वाट दिलेली नसते. पाइपला बारा तोट्या बसवलेलं स्टँड आणि खाली मुरूम, एवढंच लागतं. फिरती शौचालयं असली तर मंडपाच्या पुढ्यात, सगळ्यांच्या नजरेसमोर, आत पाणी नाही, कडी नाही. सोबत लेकरू घेऊन आलेल्या बाईने दिवसभर काय करायचं? हा प्रश्न नियोजनाच्या बैठकीत निघत नाही, कारण बैठकीत बाई नसते.

परवानगीचंही तेच. पोलीस ठाण्याचा लाउडस्पीकरचा अर्ज, मंडपाचा अर्ज, वाहतुकीचा, महावितरणची तात्पुरती जोडणी. हे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाकायचं असतं. आपण टाकतो दहा जानेवारीला, तेही प्रत्येक गट वेगळा, एकाच जागेसाठी. मग जागेवरून वाद, पोलिसांनी चुन्याच्या रेषा आखायच्या, रात्रीतून त्या रेषा सरकायच्या. जोडणी मिळाली नाही की आकडा टाकायचा आणि अर्थिंगविना लोखंडी पाइपाच्या मंडपावर हॅलोजन बांधायचे. आजवर काही झालं नाही म्हणून चाललंय. आणि हे सगळं विद्यापीठाच्या दारात! शिक्षणसंस्थेभोवतीच्या शांतता क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५० डेसिबलची. दोन माणसं घरात गप्पा मारतात तो आवाज त्याहून जास्त असतो.

एक स्टेज, एक साउंड, प्रत्येक गटाला दहा मिनिटं, घड्याळ समोर. सकाळी आधी शहिदांची नावं, गावासकट, सावकाश. मधे दर तासाला पुन्हा तीच नावं, उशिरा पोचलेल्यांसाठी. सगळ्या गटांनी मिळून खर्च वाटला तर डिलेवाला मिक्सर, बारा तोट्यांची चार स्टँडं आणि कडी असलेली शौचालयं यातच बसतात, वर पैसे उरतात. नागपूरच्या दीक्षाभूमीवरून १९७९ च्या नोव्हेंबरात लाँग मार्च निघाला, तेव्हा लोक पायी औरंगाबादच्या वाटेला लागले होते. आपल्याला शंभर फूट चालून शेजारच्या मंडपात जाऊन बसवत नाही.

हा प्रस्ताव नवा नाही. बैठकीत मांडला की सगळे माना डोलावतात, चहा येतो. मग कुणीतरी विचारतं, मधल्या खुर्चीवर कोण बसणार?

आणि बैठक तिथेच संपते. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाच्या मंडपवाल्याला वेगळा ॲडव्हान्स गेलेला असतो.