हिरव्या बुडबुड्याचं रडगाणं

"आई, माझ्याकडेच आयफोन नाही, म्हणून ग्रुपमध्ये मैत्रिणींच्या आयफोनवर त्यांच्या मेसेजचे बुडबुडे हिरवे होतात!" झालं, पुन्हा तेच. अगं, तो रंग मेसेज कुठल्या मार्गाने गेला तेवढंच सांगतो, तुझी लायकी नाही! तरी मैत्रिणी नाकं मुरडणार आणि ही दोन दिवस फुगून बसणार. वर मलाच ऐकवते, "आयफोनमध्ये प्रायव्हसी असते." बरं! २०२१ पासून ॲपला माग काढू द्यायचा का, हे तो विचारतो, खरंय. पण कॉन्टॅक्ट, लोकेशन द्यायचं का, ही परवानगीची चौकट हिच्या आत्ताच्या फोनवरही येतेच की. वाचतंय कोण? चेहरा गोरा करणाऱ्या ॲपने (कशाला हवंय ते, देव जाणे) कॉन्टॅक्ट मागितले, दिले. लोकेशन मागितलं, तेही दिलं. आणि मी नुसतं "कुणाशी बोलतेस?" विचारलं, की दार धाडकन बंद!