‘सहा दिवस, दोन मासे’: तुमच्या एका ताऱ्याला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. एकदा रागात, आणि दुसऱ्यांदा तुमच्या सहलीची फाइल समोर उघडून. गाइडशिवाय बोनफिश या उथळ समुद्रातल्या माशाला फ्लायने, म्हणजे गळाला बांधलेल्या नकली आमिषाने, पकडायची ही सहल आम्ही आखून दिली होती. तक्रारी चार आहेत: भरतीचं वेळापत्रक चुकलं, लाइन (फ्लाय फेकायची जाड दोरी) उन्हात लोळागोळा झाली, वारा सहाही दिवस थांबला नाही, आणि गाइडशिवाय हे किती अवघड आहे ते आम्ही पैसे घेण्याआधी सांगितलं नाही.

पहिली तक्रार पूर्ण खरी आहे. बहामाजमधल्या ज्या आतल्या फ्लॅटवर, म्हणजे भरतीत थोडंसंच पाणी चढणाऱ्या वाळूच्या सपाट पट्ट्यावर, तुम्हाला पाठवलं, तिथली भरती आम्ही बाहेरच्या समुद्राकडच्या बंदराच्या तक्त्यावरून दिली. बंदरात पाणी चढायला लागलं तरी आत ओहोटीच चालू असते, कारण ते पाणी अरुंद खाड्यांतून, तिवरांच्या मुळांमधून वाट काढत यायचं असतं. तुमच्या फ्लॅटवर हा फरक दोन तासांच्या आसपास आहे. आमच्याकडच्या तक्त्यात ही दुरुस्ती एका रकान्यात होती. तुम्हाला पाठवलेल्या प्रतीत तो रकानाच राहून गेला.

म्हणून पहिल्या दिवशी तुम्ही सातला पोहोचलात, कोरडी वाळू बघत बसलात आणि नऊला कंटाळून निघालात. पाणी साधारण तेव्हाच यायला लागलं असणार. बोनफिश चढत्या पाण्याच्या कडेबरोबर फ्लॅटवर शिरतात आणि घोटाभर पाण्यात खेकडे-कोळंब्या उकरून खातात. म्हणजे मासे घरात आले आणि आम्ही पाहुण्याला दाराबाहेर काढलं. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे जाते, त्यामुळे ही चूक एका सकाळपुरती राहिली नाही, सहाही दिवस तुमच्या सोबत चालली. त्यात तुमचा आठवडा अष्टमीच्या आसपासचा, भांगाचा, म्हणजे लहान भरतीचा. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणात जे उंच फ्लॅट भरतात, त्यातले काही भांगात नीट भिजतही नाहीत. तारखा तुम्ही ठरवल्या होत्या हे खरं, पण तारखा बघून हे सांगणं आमचं काम होतं.

लाइनचं म्हणाल तर अर्धी चूक तुमची, अर्धी आमची. यादीत ‘8 नंबरच्या रॉडला उष्ण कटिबंधासाठीची फ्लोटिंग लाइन’ असं लिहिलं होतं. तुम्ही थंड नदीतल्या ट्राउट माशासाठीची घरातली लाइन नेलीत. नंबर तोच, रंगही जवळपास तोच, मग नवी कशाला, असं कुणालाही वाटेल. पण थंड पाण्यासाठी बनवलेल्या लाइनचं आवरण मऊ ठेवलेलं असतं. उष्ण कटिबंधातल्या उन्हात ते आणखी मऊ आणि चिकट होतं, रॉडच्या कड्यांना घासत राहतं, आणि पायाशी सोडलेली वेटोळी एकमेकांत अडकतात. उलट उष्ण कटिबंधाची लाइन थंड नदीवर तारेसारखी ताठ होते. आम्ही ‘का’ लिहिलं नव्हतं. ‘का’ कळल्याशिवाय कुणी नवीन लाइन विकत घेत नाही, हे आता लक्षात आलं.

वाऱ्याबाबत मात्र माफी मागणार नाही. तिथे बहुतेक दिवस पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात, आणि सकाळी सूर्यही त्याच बाजूला असतो. म्हणून नकाशावर आम्ही पूर्वेच्या टोकापासून पश्चिमेकडे चालायचा बाण काढला होता: वारा पाठीवर, ऊन पाठीवर, पाण्यात मासा दिसतो आणि फेकही लांब जाते. तुमच्या वर्णनावरून दिसतं, की गाडी पश्चिमेच्या टोकाला लावणं सोयीचं होतं म्हणून तुम्ही उलटे चाललात. वारा तोंडावर, डोळ्यांत चकाकी. त्या अवस्थेत पोलराइज्ड चष्मासुद्धा फार काही करू शकत नाही. दुपारी मात्र खरंच पेच असतो, कारण सूर्य पश्चिमेला जातो आणि वारा पूर्वेचाच राहतो. तेव्हा मी स्वतः ऊन पाठीशी घेतो आणि वाऱ्याशी भांडतो. जो मासा दिसलाच नाही, त्याच्यापुढे फ्लाय टाकणार कशी?

अभिप्रायातल्या एका वाक्यावर थांबलो: ‘सात-आठ माशांनी फ्लाय तोंडात घेतली आणि सोडून दिली.’ मी पैजेवर सांगतो, तुम्ही रॉड वर उचललात. ट्राउटची सवय हातात भिनलेली असते. बोनफिशला रॉडचं टोक खाली, माशाच्या दिशेने ठेवून डाव्या हाताने लाइन लांब, सलग ओढायची, गळ रुतल्याचं हाताला कळेपर्यंत. रॉड उचलला की फ्लाय त्याच्या तोंडातून निसटते. ती जागेवरच राहिली असती, तर कदाचित तो परत वळलाही असता. या सात-आठांतले निम्मे जरी लागले असते, तर हा अभिप्राय वेगळा असता.

आता गाइडचं. गाइड होडीच्या उंच फळीवर उभा राहून लांब काठीने होडी ढकलतो. पायी चालणाऱ्यापेक्षा त्याला मासा कितीतरी आधी दिसतो. स्वतः आखलेल्या सहलीत दिवसाला दोन-तीनच चांगल्या संधी मिळणं नेहमीचं आहे, आणि ढगाळ दिवशी एकही नाही. आमच्या पहिल्या पानावरच्या फोटोत हसरा माणूस आणि चकचकीत मासा आहे, रिकामा फ्लॅट नाही. ही तक्रार मान्य. मागणीच्या अर्जावर आता हेच पहिलं वाक्य आहे. पहिला दिवस गाइडसोबत काढा, असंही सुचवतो. फक्त त्याने दाखवलेल्या जागेवर दुसऱ्या दिवशी एकट्याने जाऊ नका, ते वाईट दिसतं.

पाय घासत चालायच्या सूचनेमुळे वाळूत दडलेलं पाकट बाजूला झालं, हे तुम्ही एवढ्या रागातही लिहिलंत, त्याबद्दल आभार.

नियोजनाचे पूर्ण पैसे आज परत पाठवतो आहोत. दुरुस्त केलेला तक्ता आणि नकाशे तुमच्याकडेच राहू देत. रीळ अडकून बसल्याचंही तुम्ही लिहिलं आहे. ते रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुतलं नसेल तर आत मीठ बसलं असेल. जोर लावून फिरवू नका, आमच्याकडे पाठवा. उघडून, साफ करून परत देतो.